‘इकडं ये’ आणि ‘जवळ ये’

मी तेवीस वर्षांची असताना एका मोठ्या वकिलाच्या दारात उभी राहून त्याला नाही म्हणाले होते. भांडण दोन शब्दांचं होतं. आमच्या घरी आजही कुणी तो विषय काढला की माझी बहीण म्हणते, एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी हातचं काम घालवतं का? घालवतं. मी घालवलं.

तेव्हा मी कोर्टामागच्या गल्लीत टंकलेखनाच्या दुकानात कामाला होते. शहराला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. दुकान म्हणजे दोन टाइपरायटर, एक लांब टेबल आणि कागदांच्या चवडी. खालच्या कोर्टातल्या साक्षी मराठीत असायच्या आणि प्रकरण वरच्या कोर्टात गेलं की त्या इंग्रजीत लागायच्या. ते काम माझ्याकडं होतं. भाषांतर झालं की शेवटच्या पानावर एक ओळ लिहायची: हे भाषांतर खरं आणि अचूक आहे. तिच्याखाली सही माझी.

दुकान काकांचं. ते माझे सख्खे काका नव्हते, सगळी गल्लीच त्यांना काका म्हणायची. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते निजामाच्या एका कचेरीत नुकतेच कारकून म्हणून चिकटले होते. पुढच्या काही वर्षांत कचेरीची भाषाच बदलली. साहेब त्यांना म्हणाला, तुमचं अक्षर सुंदर आहे, पण आता ते वाचणार कोण? काकांनी तिशी जवळ आल्यावर इंग्रजी शिकायला घेतलं आणि पुढं त्याच इंग्रजीवर दुकान टाकलं. हे ते सहज सांगायचे, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं.

मी करमाडची. रोज जीपनं जालना रोडनं यायची आणि जायची. शाळा मराठी, मग शहरात बी.ए. इंग्रजी मी डिक्शनरीतनं शिकलेली, त्यामुळं बोलताना अडखळायची. लिहिताना मात्र अडखळत नव्हते. पण माणसाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, लिहिलेलं वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. त्यामुळं वकिलांच्या लेखी मी टायपिंगवाली पोरगी होते.

त्या मोठ्या वकिलाचं काम आमच्याकडं नेहमी यायचं. निम्मं दुकान त्याच्यावर चालायचं म्हटलं तरी चालेल. एका मंगळवारी त्याचा ज्युनिअर एक गठ्ठा घेऊन आला. ज्युनिअर माझ्याच वयाचा, नवा काळा कोट, बोलायला चुरचुरीत.

“परवा दाखल करायचंय मॅडम. लवकर करा.”

मी गठ्ठा सोडला. कन्नडकडच्या एका खासगी रोपवाटिकेतलं प्रकरण होतं. तिथं रोजंदारीवर जाणाऱ्या एका बाईनं मुकादमाविरुद्ध तक्रार केली होती की त्यानं तिचा हात धरला, अंगाशी ओढलं. बाई घाटाकडच्या वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. खालच्या कोर्टानं मुकादमाला शिक्षा दिली होती. तो अपिलात आला होता आणि आमचा मोठा वकील त्याच्या बाजूनं उभा होता.

बाईची साक्ष सात पानांची. साक्षी उतरवणारे सगळ्यांचं बोलणं एकाच सरकारी मराठीत घालतात, पण या साक्षीत मधूनमधून बाईचे शब्द तसेच राहिले होते. तिनं सांगितलं होतं की मुकादम आम्हा सगळ्या बायांना दिवसभर ‘इकडं ये, इकडं ये’ म्हणून कामाला बोलवायचा आणि आम्ही जायचो. त्या दिवशी त्यानं तिला रोपांच्या पिशव्या मोजायला शेडमध्ये बोलावलं. ती दारात थांबली. तो म्हणाला, जवळ ये. ती दोन पावलं आत गेली. तो म्हणाला, आणखी जवळ ये. ती म्हणाली, हितूनच सांगा. मग तो उठला आणि त्यानं हात धरला.

पुढं उलटतपासणी होती. मुकादमाच्या वकिलानं तिला विचारलं होतं, कामासाठी मजुराला बोलावणं गैर आहे असं तुम्हाला म्हणायचं आहे का? तिचं उत्तर त्या न्यायाधीशांनी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं होतं. ‘बोलावणं गैर न्हाई. इकडं येगळं, जवळ येगळं. इकडं म्हणल्यावर मी रोज जात व्हते.’

मी ते उत्तर दोनदा वाचलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं भरल्या कोर्टात, काळ्या कोटातल्या माणसाला, एका दमात फरक सांगितला होता. आता तो इंग्रजीत न्यायचा होता आणि ते काम माझं होतं.

‘इकडं ये’चं ठीक होतं. कम हिअर. अडचण ‘जवळ ये’ची होती. कम ओव्हर हिअर म्हणजे शेजारीण ओट्यावरनं हाक मारते तसं, त्यात ओळख असते, लोभ असतो. कम टु मी म्हणजे चालायला लागलेल्या लेकराला आई हात पसरून म्हणते ते. कम निअर डिक्शनरीत होतं, पण ते मला जुन्या पुस्तकातल्यासारखं वाटलं, आणि निअर म्हटलं की कशाच्या निअर ते सांगावंसं वाटतं. निअर मी असं लिहिलं तर ‘माझ्या’ हा शब्द मी माझ्या पदरचा घातला असता. तो मुकादम ‘माझ्या जवळ’ म्हणाला नव्हता, नुसतं ‘जवळ’ म्हणाला होता. कम क्लोजर बसत होतं, पण क्लोजर म्हणजे आधीपेक्षा जवळ. ते पहिल्याच ठिकाणी खर्च केलं तर ‘आणखी जवळ ये’ला माझ्याकडं काय उरणार? दुपारचा डबा मी तसाच ठेवला. शेवटी पहिल्या ठिकाणी कम क्लोज लिहिलं, दुसऱ्या ठिकाणी कम क्लोजर. आणि उलटतपासणीत तिचं वाक्य जसंच्या तसं उतरलं: हिअर वेगळं, क्लोज वेगळं. ते टाइप करताना मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी ज्युनिअर आला, उभ्या उभ्याच पानं चाळली आणि पाचव्या पानावर अडला.

“हे काय क्लोज-क्लोजर? सगळीकडं कम हिअर टाका ना.”

“मूळ साक्षीत दोन शब्द आहेत.”

“अहो, बोलावलं एवढंच ना? अर्थ एकच.”

“अर्थ एकच असता तर तिनं वेगळा कशाला सांगितला असता? उलटतपासणी वाचा. दोन्हीला कम हिअर लिहिलं तर ती म्हणतेय की हिअर वेगळं आणि हिअर वेगळं. वेडी ठरेल ती.”

तो हसला. मला वाटतं त्याला नेमकं तेच हवं होतं, पण ते माझ्या तोंडून ऐकायची त्याची तयारी नव्हती. मग त्यानं खुर्ची ओढली आणि मला समजवायला बसला. “मॅडम, तुम्ही जीपनं येता ना? जीपवाला रोज म्हणतो, जवळ जवळ बसा, जवळ सरका. तो गुन्हेगार आहे का? जवळ या शब्दात काही नाही.”

“नसेल. मग तो शब्द आहे तसा जाऊ द्या. त्यात काय आहे नि काय नाही, ते जजसाहेब बघतील. मी कोण ठरवणार? आणि तुम्ही तरी कोण?”

शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. त्यानं कागद टेबलावर टाकले आणि काकांकडं वळला. “काका, हिला सांगा. करमाडची पोरगी आता आम्हाला इंग्रजी शिकवणार.”

तो गेल्यावर काकांनी चष्मा काढून पुसला. “पोरी, कम हिअर टाक आणि मोकळी हो. एका शब्दासाठी एवढं मोठं गिऱ्हाईक सोडायचं का आपण?”

“काका, उर्दूत दोन्हीला एकच शब्द आहे का?”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “नाही. ‘इधर आओ’ निराळं, ‘करीब आओ’ निराळं. आमचा पेशकार, म्हणजे वरचा कारकून, दिवसभर इधर आओ, इधर आओ करायचा. तो कुणाला करीब आओ म्हणाला असता तर सगळ्या कचेरीनं माना वर केल्या असत्या.”

“मग?”

“मग काही नाही. तरीपण टाक.”

मला वाटलं होतं ते माझी बाजू घेतील. राग आला आणि वाईटही वाटलं. मी पिशवी उचलली. “सही माझी असते काका. तुमची असती तर तुम्ही ठरवलं असतं.”

घरी आईला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “जवळ म्हंजी जवळच की. त्यात इचारायचं काय?” वडील म्हणाले, नोकरी सांभाळून काय करायचं ते कर. दोघांचंही मला पटलं, पण दोन्ही एकदम करता येणार नव्हतं.

बुधवारी मी दुकानात पोचले तेव्हा ज्युनिअर माझ्या आधी येऊन दुसऱ्या टाइपरायटरवर बसला होता. पाचवं, सहावं आणि सातवं पान त्यानं स्वतः पुन्हा टाइप केलं होतं. एका बोटानं केलेलं, अक्षरं काही गडद, काही पुसट. माझ्यासमोर गठ्ठा ठेवून शेवटचं पान वर काढलं. “सही करा, पळायचंय.”

मी न वाचता सही करीन असं त्याला का वाटलं कोण जाणे. मी गठ्ठा उलटा केला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. तो घड्याळ बघत होता. पाचव्या पानावर दोन्ही ठिकाणी कम हिअर आलं होतं. सातव्या पानावर तर त्यानं तिचं उत्तरच गुंडाळून टाकलं होतं: बोलावणं गैर नाही, मी रोज जात होते. मधलं वाक्य गायब.

माझे कान तापले. मी पेन काढलं. पाचव्या पानावर दोन ठिकाणी त्याचे शब्द खोडून वर क्लोज आणि क्लोजर लिहिलं. सातव्या पानावर गाळलेलं वाक्य समासात लिहून बाण काढला. तिन्ही ठिकाणी बाजूला छोटी सही केली, शेवटच्या पानावर पुरती सही केली आणि गठ्ठा त्याच्यापुढं सरकवला.

“हे माझं भाषांतर. हे नको असेल तर दुसऱ्याकडनं करून घ्या. पण मग माझी सही त्यावर राहणार नाही, आणि मला कुणी विचारलं तर का नाही ते मी सांगीन.”

त्यानं काकांकडं पाहिलं. काका टाइपरायटरची रिबन बदलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी निरोप आला की मोठ्या साहेबांनी बोलावलंय. ऑफिस पलीकडच्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर. आत भलंमोठं टेबल, मागं लाल पुठ्ठ्याची पुस्तकं. ज्युनिअर खिडकीपाशी उभा. मोठ्या वकिलानं माझी खाडाखोड केलेली पानं उघडी ठेवली होती. मान वर न करता त्यांनी दोन बोटं हलवली आणि म्हणाले, “कम हिअर.”

मी दारात होते. मी ठरवून केलं असं नाही, पाऊलच उचललं नाही. “इथनं ऐकू येतं, सर.”

त्यांनी वर पाहिलं. आवाज शांत होता. “कम क्लोज हे इंग्रजी नाही. इंग्रज माणूस असं बोलणार नाही.”

“इंग्रज त्या शेडमध्ये नव्हता, सर.”

खिडकीपाशी ज्युनिअर खोकला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. “तुमचं इंग्रजी कितपत आहे?”

“कामापुरतं. मराठी मात्र पुरतं येतं. आणि हे भाषांतर मराठीतनं आहे.”

“म्हणजे तुम्ही त्या बाईच्या बाजूनं आहात.”

मी खरं तेच सांगितलं. “भाषांतर करताना नव्हते. आता विचाराल तर आहे.”

त्यांनी सातवं पान पुन्हा वाचून काढलं. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मग ज्युनिअरला म्हणाले, “सातव्या पानावरचं वाक्य तू गाळलंस?” तो कोटाचं बटण चाचपायला लागला. “मूळ कागद कोर्टात आहे, अक्कल आहे का? उद्या समोरच्यानं ते काढून दाखवलं तर मी काय सांगू? हेच दाखल कर.” आणि मला म्हणाले, “तुम्ही या. काकांना सांगा, पुढचं काम आम्ही बघू काय करायचं ते.”

ते काय करायचं ते मला जिन्यातच कळलं. त्यांच्या ऑफिसातनं आमच्याकडं पुन्हा गठ्ठा आला नाही.

पुढचे महिने आम्ही भाडेकरार आणि नोकरीचे अर्ज टंकत बसलो. काका माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मला काढलं नाही, पण शाबासकीही दिली नाही, आणि मी ती मागायला गेले नाही. एकदा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा म्हणाले, “तू त्या दिवशी मला म्हणालीस ना, सही तुमची असती तर. मी रात्री घरी त्यावर विचार केला.” मी विचारलं, काय ठरलं मग? तर म्हणाले, “माझं वय झालंय. मी कम हिअरवर सही केली असती.” एवढं खरं बोलणारा माणूस मी आयुष्यात कमी पाहिलाय. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा राग गेला.

प्रकरण सुनावणीला आलं त्या दिवशी मी अर्धी रजा घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसले. मोठे वकील साक्ष वाचत होते, भराभर, जिथं थांबायला नको तिथं न थांबता. तरी न्यायमूर्तींनी त्यांना सातव्या पानावर थांबवलं. न्यायमूर्ती बाहेरच्या राज्यातले असावेत. त्यांनी विचारलं, मराठीत हे खरोखर दोन वेगळे शब्द आहेत का? सरकारी वकील उठायच्या आत आमचे मोठे साहेबच म्हणाले, “येस, दे आर डिफरंट.” मग लगेच दुसऱ्या मुद्द्यावर गेले. त्या माणसाबद्दल मला आजही नीट काय वाटतं ते सांगता येत नाही.

बाहेर व्हरांड्यात ती बाई उभी होती. तिला यायची गरज नव्हती, तरी भावाला घेऊन आली होती. मी तिला कसं ओळखलं? सरकारी वकिलाचा शिपाई तिला मुकादमाच्या अपिलाची पुढची तारीख समजावून सांगत होता. उंच, सडसडीत बाई, डोईवर पदर घट्ट. शिपाई गेल्यावर तिनं मलाच विचारलं, कारण मी तिच्याकडं बघत उभी होते.

“बाई, तुमी आत व्हत्या ना? काय म्हन्ले ओ सायब? समदं इंग्रजीत चाललं व्हतं.”

“तुमचं बोलणं वाचून दाखवलं.”

“माझं? इंग्रजीत?”

“व्हय.”

“बरूबर वाचलं का?”

“बरोबर वाचलं. इकडं येगळं, जवळ येगळं, ते पण वाचलं.”

ती भावाकडं वळून म्हणाली, “बग, म्या तुला म्हन्लं नव्हतं का, लिवून घेतलंय म्हनून.” भावाला एसटीची घाई होती. ती दोघं गेली. ते भाषांतर कुणी केलं हे मी तिला सांगितलं नाही. तिला त्याच्याशी काय करायचं होतं? बोलली ती होती.

काही आठवड्यांनी निकाल लागला. मुकादमाची शिक्षा कायम राहिली. माझ्या शब्दानं ती राहिली असं मी कधी म्हटलं नाही. आणखी दोन मजूर बायांच्या साक्षी होत्या, त्या भक्कम होत्या. पण साक्ष जशी दिली तशी वर पोचली, एवढं मी छातीठोक सांगते.

माझी भाची आता इंग्रजी शाळेत शिकवते. ती म्हणते, मावशी, कम क्लोज जरा वाकडंच आहे गं, मी असते तर पहिल्या ठिकाणीही क्लोजरच लिहिलं असतं. तिचं बरोबर असेल. मी तिच्याशी तासभर वाद घालते, ‘आणखी’चं काय करशील ते विचारते, आणि कधी ती हरते, कधी मी. त्या वादाला माझी ना नाही. तिनं कम हिअर म्हटलं असतं तर मात्र चहा दिला नसता.

काकांची नजर कमी झाल्यावर दुकान बंद झालं. मी त्याच गल्लीत स्वतःचं टेबल मांडलं आणि पुढं पुष्कळ वर्षं तिथं बसले. काही वकिलांनी मला कधीच काम दिलं नाही. ही फार प्रश्न विचारते, म्हणायचे. त्यांच्या कामाची गरज मला पडली नाही असं नाही. एका वर्षी तर इतकी पडली की कापसाच्या दिवसांत टेबल बंद ठेवून करमाडला गेले, आईवडिलांबरोबर वेचणीला लागले, हाताच्या बोटांना चिरा पडल्या. वेचणी संपल्यावर परत आले, टेबल झाडलं आणि कामाला बसले.